‘ऑपरेशन यशस्वी झालं’ म्हणजे नक्की काय?

‘ऑपरेशन यशस्वी झालं’ हे वाक्य आपण कायम ऐकतो. संशोधन करायचं असेल तर त्यावर लगेच दोन प्रश्न पडायला हवेत : यशस्वी म्हणजे कधीपर्यंत, आणि ते मोजलं कोणी? मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रिया आणि किडनी प्रत्यारोपण यांच्या इतिहासात या प्रश्नांची उत्तरं वेळोवेळी बदलत गेली आहेत.

सुरुवात मुतखड्यापासून करू. सुश्रुतसंहितेत अश्मरीची शस्त्रक्रिया सांगताना आधी इशारा दिला आहे : केली नाही तर मृत्यू अटळ, केली तरी यशाची खात्री नाही, म्हणून राजाला सांगून मगच शस्त्र हाती घ्यावं. धोका मान्य आहे, पण तो किती, याचा आकडा नाही. असा आकडा अठराव्या शतकात दिसतो. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातले सर्जन विल्यम चेसेल्डन यांनी मूत्राशयातला खडा काढलेल्या २१३ रुग्णांचा हिशेब छापला. त्यांपैकी २० दगावले होते. मृत्यू त्यांनी वयोगटांनुसार वेगळे करून दाखवले. आपण आज थिसिसमध्ये वयोगटवार तक्ता टाकतो ना, तेच काम.

तिथे निकाल थोड्या दिवसांत लागायचा. रुग्ण वाचला की गेला, एवढंच. प्रत्यारोपणात तसं राहिलं नाही. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांच्या चमूने रोनाल्ड हेरिकची किडनी त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला बसवली. रिचर्ड आठ वर्षं जगला. रोनाल्ड, म्हणजे किडनी देणारा, २०१० पर्यंत जगला. इतिहासात बहुतेकदा रिचर्डची आठ वर्षं सांगितली जातात. रोनाल्डची छप्पन्न वर्षं हासुद्धा त्याच ऑपरेशनचा निकाल आहे, हे आपण विसरतो.

आपल्याकडे १९६५ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात मृत व्यक्तीची किडनी बसवण्याचा पहिला प्रयत्न झाला. रुग्ण फार दिवस जगला नाही. १९७१ मध्ये वेल्लोरच्या सीएमसीत जिवंत दात्याच्या किडनीचं प्रत्यारोपण यशस्वी झालं. पुढे १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन आलं, शरीराने परकी किडनी नाकारण्याचं प्रमाण कमी झालं, आणि प्रश्न ‘रुग्ण वाचला का?’ वरून ‘पाच वर्षांनी, दहा वर्षांनी किडनी चालते का?’ इथे आला.

आता वर्षानुवर्षं मोजायचं तर अडचण ही की मधेच काही रुग्णांचा पत्ताच लागत नाही. यावरचा उपाय १९५८ मध्येच छापून आला होता : कॅप्लान-मायर पद्धत. गंमत म्हणजे कॅप्लान समुद्राखालच्या टेलिफोन केबलमधल्या व्हॅक्यूम ट्यूब किती टिकतात हे पाहत होते, तर मायर यांच्यासमोर रुग्णांची माहिती होती. या पद्धतीत बेपत्ता रुग्णाला शेवटच्या भेटीपर्यंत मोजतात, पुढे ‘सेन्सॉर्ड’ धरतात. पण त्यात एक गृहीतक आहे : जो यायचा थांबला, त्याचं पुढे बाकीच्यांसारखंच झालं असणार.

इथे आपला वाशीम जिल्हा आठवा. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. मानोरा किंवा रिसोडच्या रुग्णाला प्रत्यारोपणासाठी जिल्ह्याबाहेर, बऱ्याचदा थेट नागपूरला जावं लागतं. नागपूरच्या शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयात २०१६ पासून ही सोय झाली. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत प्रत्यारोपणाचा खर्च धरलेला आहे. पण गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या, रक्त तपासायला वारंवार जायचं, सोबतच्या माणसाची मजुरी बुडते. असा रुग्ण यायचा थांबला, तर तो ठणठणीत आहे म्हणून थांबला, की पैसे संपून गोळ्या बंद झाल्या म्हणून?

हिशेब करून बघा. समजा १०० रुग्ण आहेत. वर्षाअखेर ८० जणांची किडनी चालू, ५ जणांची निकामी, १५ जणांचा पत्ता नाही. बेपत्ता लोक बाकीच्यांसारखेच मानले तर यश ९४ टक्क्यांच्या आसपास. ते सगळे निकामी धरले तर ८० टक्के. खरा आकडा कुठेतरी मधे असेल. पण लांबून येणारे गरीब रुग्णच जास्त गळत असतील, तर तो ९४ पेक्षा ८० कडे झुकेल.

म्हणून तुमच्या प्रबंधाच्या पहिल्याच तक्त्यात तीन गोष्टी लिहा : किती रुग्ण सुटले, ते कोणत्या तालुक्यातले होते, आणि त्यांना शोधायचा काय प्रयत्न केला. बेपत्ता रुग्णांचा सर्वांत वाईट निकाल धरूनही एकदा गणित मांडा. आणि दात्याचा रकाना सोडू नका. आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये बायकांची संख्या जास्त आहे. किडनी देऊन परत शेतात निंदायला गेलेल्या आईचा रक्तदाब दोन वर्षांनी किती आहे, हे कोणीतरी विचारायला हवं ना? कदाचित तोच तुमचा संशोधनाचा विषय असेल.