मुंबईच्या इमारत-परवान्यांतील ‘नामंजुरीची सूचना’

जुन्या घराण्यांच्या दप्तरांत सनदा, खरेदीखतें व वाटणीपत्रें जपून ठेवलेलीं आढळतात, आणि त्यांची किंमत संग्राहकांस सांगावी लागत नाहीं. मुंबई शहरांतील घरांच्या कागदपत्रांत याखेरीज आणखी एक कागद असतो. त्याकडे मात्र अभ्यासकांचें लक्ष सहसा जात नाहीं. त्याचें इंग्रजी नांव ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’. कंत्राटदारांच्या बोलण्यांत तो ‘आय. ओ. डी.’. शब्दशः अर्थ नामंजुरीची सूचना. तथापि व्यवहारांत हा कागद परवानगीचा म्हणून चालत आला आहे. नामंजुरीच्या कागदास परवान्याचें मोल कसें प्राप्त झालें, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या नांवाचें मूळ सन १८८८ च्या मुंबई म्युनिसिपल कायद्यांत आहे. त्यांतील ३३७ व्या कलमाप्रमाणें नवी इमारत बांधूं इच्छिणारानें कमिशनरास तशी नोटीस द्यावयाची असते. जुन्या इमारतींतील वाढ व फेरफार यांकरितां ३४२ वें कलम आहे. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. कायद्याच्या योजनेंत घरमालक परवानगी मागत नाहीं; तो आपला इरादा कळवितो. ३४५ वें कलम पुढें असें सांगतें कीं, तीस दिवसांच्या आंत कमिशनरानें लेखी नामंजुरी कळविली नाहीं, तर नोटीस देणारास काम सुरू करण्यास मोकळीक आहे. मौन म्हणजे संमति, हा न्याय कायद्यानें येथें स्पष्टपणें स्वीकारलेला दिसतो.

आतां ३४६ वें कलम पाहावें. योजलेलें काम कायद्याच्या अगर पोटनियमांच्या विरुद्ध असेल, किंवा तें धोक्याचें ठरेल, असें वाटल्यास कमिशनरानें त्याच तीस दिवसांत नामंजुरी व तिचीं कारणें लेखी कळवावीं. आणि कोणत्या अटी पाळल्या असतां काम मंजूर समजलें जाईल, तेंहि सांगावें. अधिकाऱ्यापुढें याप्रमाणें तीन वाटा होत्या. गप्प राहिल्यास काम आपोआप मोकळें होई. निखालस मंजुरी दिल्यास पुढें अटी घालण्यास आधार उरत नसे. तिसरी वाट अटींसह नामंजुरीची. तींत मालकाचें काम अडत नसे आणि कार्यालयाचा लगामहि हातीं राही. हीच वाट रूढ होऊन तिचा छापील नमुना झाला, असें अनुमान या कलमांवरून निघतें.

या नमुन्याची भाषा अपरिचित वाचकास चकवा देणारी आहे. कामास मंजुरी देतां येत नाहीं, असें आरंभीं कळवून पुढें कारणें दिलेलीं असतात, व तीं सर्व नकारार्थी: स्ट्रक्चरल इंजिनियर नेमला जाणार नाहीं, काम सुरू करण्यापूर्वीं प्रारंभ प्रमाणपत्र घेतलें जाणार नाहीं, सखल जमिनीची भरणी ठराविक पातळीपर्यंत होणार नाहीं. हीं विधानें मालकाच्या वर्तनाचा वृत्तांत म्हणून वाचल्यास अर्थाचा अनर्थ होईल. तीं नामंजुरीचीं कारणें आहेत. ज्या क्रमानें तीं दूर होतील, त्या क्रमानें नामंजुरीचा जोर ओसरतो. म्हणून प्रत्येक नकार हा आज्ञेप्रमाणें वाचावा.

भरणीच्या अटींत ‘९२ टी. एच. डी.’ असा आंकडा येतो. टी. एच. डी. म्हणजे टाऊन हॉल डेटम. सन १८३३ मध्यें पूर्ण झालेल्या टाऊन हॉलच्या, म्हणजे आज एशियाटिक सोसायटी जेथें आहे त्या वास्तूच्या आधारें ठरविलेली उंचीच्या मोजणीची ही पातळी होय. नव्या घराची जमीन किती उंच असावी, तें अशा रीतीनें एका जुन्या वास्तूवरून ठरत आलें.

केवळ या सूचनेवरून इमारतीचा काळ ठरविणें मात्र धोक्याचें आहे. काम सुरू करण्यास कायद्यानें एक वर्षाची मुदत ठेवली होती. शिवाय प्रत्येक योजना तडीस गेली असेंहि नाहीं. सन १९६६ च्या नगररचना कायद्यानंतर प्रारंभ प्रमाणपत्राची जोड मिळाली. तें प्रथम जोत्यापर्यंतच देऊन, जोतें नकाशाबरहुकूम आहे याची तपासणी झाल्यावर पुढील कामास वाढविण्याची पद्धत पडली. शेवटीं पूर्णत्वाचा व भोगवट्याचा दाखला. ही सर्व मालिका जुळली, तरच घराचा इतिहास प्रमाणासहित सांगतां येतो.

या कागदांचें मोल केवळ कालनिर्णयापुरतें नाहीं. ता. ४ एप्रिल १९१३ नव्हे, तर अगदीं अलीकडे, ता. ४ एप्रिल २०१३ रोजीं ठाण्याच्या हद्दींत मुंब्र्याजवळ एक अनधिकृत इमारत बांधकाम चालू असतांच कोसळून ७४ माणसें दगावलीं. ता. २५ जुलै २०१७ रोजीं घाटकोपर येथें एक वापरांतील इमारत पडून १७ जण मृत्यु पावले; तिच्या तळमजल्यावर फेरफाराचें काम चालू होतें. पहिल्या घटनेंत परवानगीचा कागदच नव्हता. दुसरीवरून असें दिसतें कीं, इमारत उभी राहिल्यानंतरहि तपासणीची गरज संपत नाहीं. बांधकाम चालू असतां आगाऊ सूचना न देतां पाहणी करण्याचा अधिकार ३५० व्या कलमानें, व धोक्याच्या इमारतींविषयींचा अधिकार ३५४ व्या कलमानें दिलेलाच आहे. परंतु अधिकार कलमांत असणें निराळें, आणि पाहणारा जोत्याशीं प्रत्यक्ष उभा राहिला होता हें सिद्ध होणें निराळें. तो पुरावा तपासणीच्या शेऱ्यांतच सांपडावयाचा.

यासाठीं संग्राहकांस विनंति अशी कीं, जुनें घर पाडण्याच्या वेळीं त्यांतील रंगीत नकाशा तेवढा उचलून बाकीचे कागद रद्दींत जाऊं देऊं नयेत. नामंजुरीची सूचना, इंजिनियराचें देखरेखीचें पत्र, जोत्याच्या तपासणीचा शेरा व भोगवट्याचा दाखला हे एकाच पुडक्यांत, मूळ क्रमानें, ठेवावे. नकाशा घर कसें योजिलें होतें तें सांगतो. तें कोणाच्या जबाबदारीवर उभें राहिलें, हें या रुक्ष कागदांखेरीज दुसरें कोणी सांगणार नाहीं.