ब्रह्मपुरीचा समुद्रदेव

भिवंडींतील धामणकर नाक्यापासून कल्याण सुमारें तीन कोसांवर आहे. आज हा मुलूख मागांचा आणि गुदामांचा म्हणून ओळखला जातो; परंतु एकोणीस शतकांपूर्वीं तांबड्या समुद्राकडून येणाऱ्या ग्रीक खलाशांस कल्याणचें नांव चांगलें परिचित होतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका अज्ञात ग्रीक व्यापाऱ्यानें लिहिलेलें ‘पेरिप्लस’ नांवाचें सागरमार्गाचें वर्णन आज उपलब्ध आहे. त्यांत सोपारा, कल्याण आणि चौल हीं तिन्ही बंदरें येतात. कल्याणविषयीं ग्रंथकार सांगतो कीं, थोरल्या सारगनाच्या अमदानींत ही पेठ परकीयांस रीतसर खुली होती. पुढें ती संदनाच्या हातीं गेली, आणि तेव्हांपासून चुकून येथें लागलेलीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचला नेलीं जाऊं लागलीं.

या एका वाक्यामागें मोठें राजकारण आहे. भडोच त्या वेळीं क्षत्रपांच्या सत्तेखालीं होतें, आणि दख्खनचे सातवाहन हे त्यांचे प्रतिस्पर्धी होते. परकीय व्यापाराची जकात कोणाच्या खजिन्यांत पडावी, हाच झगड्याचा एक मुद्दा होता. त्याचा निकाल कसा लागला तें १९०६ सालीं नाशिकजवळ जोगळटेंभी येथें सांपडलेल्या ठेव्यानें सांगितलें. क्षत्रप नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक रौप्य नाण्यांपैकीं बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हा मारलेला होता.

ग्रंथांतील ही हकीकत मातीनें कोठें खरी केली? महाराष्ट्रांत याचें सर्वांत ठळक उत्तर कोंकणांत नव्हे, तर घाटावर, कोल्हापुरास मिळालें. शहराच्या कडेला, पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरी नांवाची टेकडी आहे. तेथें १९४५ च्या सुमारास ब्राँझच्या वस्तूंचा एक मोठा सांठा हातीं लागला. पाठोपाठ १९४५-४६ मध्यें पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीनें डॉ. हसमुख सांकळिया आणि डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनीं तेथें शास्त्रशुद्ध उत्खनन केलें. वरच्या थरांत बहामनी काळची वस्ती निघाली. तिच्या खालीं, पुष्कळ शतकांच्या अंतरानें, सातवाहन काळच्या विटांच्या घरांचे अवशेष उघडे झाले.

त्या सांठ्यांतील एक लहानशी मूर्ति विशेष गाजली. ती आहे ग्रीकांच्या पोसायडन या समुद्रदेवाची. समुद्रापासून इतक्या दूर, सह्याद्रीच्या पलीकडे, हा देव आला कसा? मूर्तीची घडण रोमन साम्राज्यांतील कारागिरांची आहे, असें सामान्यतः मानलें जातें. तिच्याबरोबर परदेशी बनावटीची कांहीं भांडीं आणि आरसाहि मिळाला. पोसायडनाची ही मूर्ति कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयाचें भूषण ठरली.

एवढ्यावरून ब्रह्मपुरीस रोमन लोकांची वसाहत होती असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु पुरावा तेवढें ओझें पेलत नाहीं. सांठ्यांतील बहुतेक वस्तु देशी आहेत. परदेशी वस्तु त्यांत थोड्याच. घरें देशी, खापरें देशी, नाणीं सातवाहनांचीं व स्थानिक राजांचीं. परदेशी माल सांपडणें ही एक गोष्ट, आणि परदेशी माणसानें चूल मांडणें ही दुसरी. त्याच १९४५ सालीं पुदुच्चेरीजवळ अरिकमेडू येथें मॉर्टिमर व्हीलर यांनीं खोदकाम करून इटलीचीं तांबडीं भांडीं व मद्याचे रांजण उजेडांत आणले, आणि त्या ठाण्याच्या भरभराटीचें श्रेय रोमन व्यापारास दिलें. पुढें विमला बेगले यांनीं त्या सामग्रीची फेरतपासणी करून दाखविलें कीं, तें गांव रोमन माल येण्यापूर्वींपासूनच नांदतें होतें.

परकीय येथें राहिलेच नाहींत, असा मात्र याचा अर्थ नव्हे. कार्ले आणि जुन्नर येथील लेण्यांत यवनांनीं दिलेल्या दानांचे लेख आहेत. पण ते लेख ब्राह्मी लिपींत व प्राकृत भाषेंत आहेत, आणि कार्ल्याच्या दात्यांपैकीं कित्येकांचीं नांवें चक्क आपल्याकडचीं आहेत. जे राहिले ते येथलेच होऊन गेले.

व्यापाराचा ओघ कोणीकडे होता हेंहि पाहण्यासारखें आहे. पैठण आणि तगर, म्हणजे आजचें तेर, येथून अकीकाचे खडे व कापड गाड्यांवरून भडोचला जाई. उलट इटलीचें मद्य, तांबें, कथील, पोंवळीं आणि सोन्यारुप्याचीं नाणीं येत. हिंदुस्थान दरसाल पांच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार प्लिनी या रोमन ग्रंथकारानें करून ठेवली आहे. दख्खनमधील कांहीं स्थळीं तर रोमन नाण्यांचे मातीचे ठसे दागिन्यासारखे गळ्यांत घालीत. सम्राटाचा मुखवटा येथें केवळ शोभेचा झाला होता.

तेव्हां पोसायडन हा कोणा जेत्यानें रोंवलेला झेंडा नव्हे; तो बाजारांतून आलेला पाहुणा आहे. त्याला आणणारे बैल, गाडीवान, घाटांतले वाटाडे आणि पेठेंतले सावकार हे बहुतांशीं याच मातींतले होते. त्यांचीं नांवें कोणी लिहून ठेवलीं नाहींत. त्यांची साक्ष आहे ती केवळ जमिनींत.

ती साक्ष नाजूक असते. ब्रह्मपुरीवर आतां शहर चढलें आहे. प्राचीन कल्याणवर तर पिढ्यान् पिढ्या घरांवर घरें उभीं राहिलीं. पाया खणतांना निघालेलें खापर राड्याबरोबर फेंकलें गेलें कीं, त्याचा थर, त्याचा शेजार आणि त्याचा काळ तिन्ही एकदम नाहींसे होतात. मग तें खापर उचलून घेतलें तरी तें मुकेंच राहतें. भिवंडी-कल्याणच्या पट्ट्यांत नव्या इमारतीसाठीं कुदळ पडते, तेव्हां मजुरानें आणि मालकानें क्षणभर थांबून निघालेली वस्तु आहे तेथेंच ठेवावी व पुरातत्त्व खात्यास वर्दी द्यावी, एवढेंच इतिहासाचें मागणें आहे.