अतिक्रमणाची दंडपावती हाच जमिनीचा पुरावा : मराठवाड्यातील गायरान आणि सरकारी दप्तर

मराठवाड्यातल्या गायरान जमिनीचा प्रश्न आला की आपण मोर्चा काढतो, निवेदन देतो, तहसीलसमोर उपोषणाला बसतो. ते केलेच पाहिजे. पण ज्या कागदावर जमीन मिळते किंवा जाते, तो कागद मागायला आपल्यातले किती जण जातात? उमापूर, ता. गेवराई, जि. बीड. या मंडळातल्या गावांत गायरान कसणारी, मजुरीवर जगणारी कुटुंबे आहेत. त्यांच्या हक्काचा पुरावा त्यांच्या पत्र्याच्या पेटीत नाही, सरकारी दप्तरात आहे.

आणि तो पुरावा कोणता? तर सरकारने त्यांच्यावर ठेवलेला ठपका!

हे नीट समजून घ्या. भूमिहीन माणसाने गायरान नांगरले की तलाठी त्याची नोंद गाव नमुना एक-ई मध्ये करतो. ही अतिक्रमणाची नोंदवही. मग पंचनामा होतो, तहसीलदाराची नोटीस येते, दंड बसतो, दंडाची पावती फाटते. कधी पोलिसांत गुन्हाही दाखल होतो. पुढे शासनच म्हणते की अमुक तारखेपूर्वीचे अतिक्रमण असेल तर नियमाकूल करू. २७ डिसेंबर १९७८ च्या निर्णयाने ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणे घेतली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने मागासवर्गीय भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची, शेतीसाठी केलेली अतिक्रमणे घेतली. तारीख पाहा, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीची. म्हणजे ज्याच्यावर १९८५ साली दंड बसला, त्याच्याकडे १९९० पूर्वी कसत असल्याचा सरकारी पुरावा आहे. ज्याने भीतीपोटी ती पावती चुलीत घातली, किंवा ज्याची नोंद तलाठ्याने केलीच नाही, त्याला आज "तुम्ही कधीपासून कसता?" एवढ्या एका प्रश्नावर बाहेर काढले जाते.

ही जमीन कुणाच्या मेहेरबानीने मिळालेली नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा डिसेंबर १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, लोकांनी तुरुंग भरले. बीड जिल्ह्यात अॅड. एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियानातून गायरान कसणाऱ्यांना संघटित केले. लढा रस्त्यावर झाला, निकाल मात्र नोंदवहीत लागला.

बाबासाहेबांनी या दोन्ही आघाड्या कधी वेगळ्या मानल्या नाहीत. महाडचे आपण सांगतो ते २० मार्च आणि २५ डिसेंबर १९२७. पण सनातन्यांनी १२ डिसेंबर १९२७ ला जो दावा टाकला, तो मुंबई हायकोर्टात १७ मार्च १९३७ ला संपला. जवळजवळ दहा वर्षे! भांडण कशावर होते? तळे खाजगी की नगरपालिकेचे, आणि बंदीची वहिवाट अनादिकाळापासूनची आहे की नाही. अनादिकाळ म्हणणाऱ्यांना तो सिद्ध करता आला नाही. ओंजळभर पाणी दुसऱ्यांदा कोर्टात जिंकावे लागले.

आता मराठवाड्याची खास अडचण. पश्चिम महाराष्ट्रातल्या वतनांचे कायदे वेगळे, कागद वेगळे. आपण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो. इकडे जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७ चा. कारभार उर्दूत. इनामाचे मुंतखब उर्दूत, गावातले जुने कागद कुठे मोडीत. हाडोळ्याच्या जमिनीचा शोध घ्यायचा तर नुसता आजचा सातबारा उपयोगाचा नाही. मागे मागे जावे लागते : फेरफार, जुनी पाहणीपत्रके, १९५४-५५ चे खासरापत्रक, आणि त्याही मागे इनामाची फाईल. १९५२ चा अतियात चौकशी कायदा आणि १९५४ चा इनाम निर्मूलन कायदा ही नावे आपल्या कार्यकर्त्याला पाठ हवीत.

हे कागद एका ठिकाणी नाहीत. एक-ई आणि चालू सातबारा तलाठ्याकडे (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे). अतिक्रमणाची प्रकरणे आणि बरेचसे जुने अभिलेख गेवराई तहसीलच्या अभिलेख कक्षात. मोजणी आणि नकाशे भूमी अभिलेख कार्यालयात. काही बीडला जिल्हाधिकारी कार्यालयात. निजाम सरकारचे वरच्या पातळीवरचे दप्तर थेट हैदराबादला, तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात.

मागण्याचे दोन रस्ते. पहिला साधा नकलेचा अर्ज. महसूल संहितेच्या कलम ३२७ ने नकाशे व भूमी अभिलेख पाहण्याचा आणि नक्कल घेण्याचा मार्ग दिलेला आहे. अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याची प्रमाणित नक्कलच मागा, कोर्टात तीच चालते. दुसरा रस्ता माहिती अधिकाराचा : दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालील माणसाला तोही नाही. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांत. "आमच्यावर अन्याय का झाला" असे विचारू नका, त्याला उत्तर देणे त्यांच्यावर बंधनकारक नाही. "मौजे अमुक, गट नंबर अमुक, १९७८ ते १९९० या वर्षांच्या गाव नमुना एक-ई ची प्रत" असे मागा. कागद दुसऱ्या कार्यालयात असेल तर अर्ज तिकडे पाठवणे हे त्यांचे काम आहे, कलम ६(३). तीस दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील, त्यानंतर नव्वद दिवसांत माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) खंडपीठाकडे दुसरे.

सगळ्यात जास्त मिळणारे उत्तर ठरलेले आहे : "अभिलेख आढळून येत नाही." या उत्तरावर आपली माणसे घरी परततात. परतायचे नाही. माहिती अधिकार कायद्यात माहिती नाकारण्याची जी कारणे दिली आहेत, त्यांत फाईल हरवणे हे कारण नाही; दप्तरात असलेला कागद सापडत नसेल तर तो हरवल्याची जबाबदारी निश्चित करावी लागते, असे दिल्ली हायकोर्टाने २०१३ साली सांगितले आहे. महाराष्ट्रात २००५ चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम आहे आणि त्यात अभिलेख बेकायदा नष्ट करणाऱ्याला तुरुंगवासाची तरतूद आहे. कागद कधी, कोणाच्या आदेशाने नष्ट झाला, त्याची नोंद दाखवा, हा आपला पुढचा अर्ज.

आणि सापडत नाही म्हणजे काय? सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली. कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातली कपाटे उघडली, उर्दू-मोडी वाचणारे शोधले, हैदराबादपर्यंत माणसे गेली. त्या मागणीवरचे आमचे मत वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे मुद्दा एवढाच की ठरवले तर शासन ऐंशी-शंभर वर्षांपूर्वीचा कागद काढू शकते. मग १९८५ ची दंडपावती कशी सापडत नाही? जी यंत्रणा जातीच्या नोंदीसाठी राबली, ती एक-ई साठी गावोगाव का राबत नाही?

तोवर काम आपल्यालाच करायचे आहे. उमापूर मंडळातल्या प्रत्येक गावातून एक-दोन पोरे यासाठी तयार व्हावीत. आधी कसणाऱ्या कुटुंबांची यादी, गट नंबर, अंदाजे क्षेत्र, पहिली नोटीस कोणत्या साली आली ते म्हाताऱ्या माणसांकडून लिहून घ्या. मग प्रत्येक गटासाठी वेगळा अर्ज, पोच घेऊन. आणि आसपास उर्दू वाचणारे मुस्लिम शिक्षक, जुने मौलवी असतील, त्यांच्याकडे आत्ताच जा. मुंतखब आणि फसली सालांचे कागद वाचणारी ती पिढी आता फार थोडी उरली आहे.

जय भीम!