हर्रास, विसार आणि मोडलेली बोली

मराठवाड्यात लिलावाला अजूनही पुष्कळ जण ‘हर्रास’ म्हणतात. ग्रामपंचायत आठवडी बाजाराच्या वसुलीची हर्रास काढते आणि ज्याच्या नावावर ती सुटते तो गुत्तेदार. अरबीतून उर्दूत आलेला हा शब्द निजामाच्या कचेऱ्यांतून आपल्या गावांत रुजला. ‘लिलाव’ पोर्तुगीजांकडून आला. पण लिलावात माणूस जी लावतो, तिला शब्द आपलाच आहे: बोली. तोंडचा शब्द आणि देऊ केलेली किंमत, दोन्हींना एकच नाव. म्हणून बोली जिंकून मागे फिरणारा माणूस सौदा मोडतो आणि शब्दही मोडतो.

आज लिलाव मोबाइलवर होतात. सर्वात चढी बोली लावायची, जिंकायचं आणि पैसे भरायच्या वेळी फोनच उचलायचा नाही, ही तक्रार नेहमीची झाली आहे. लोकांना ती इंटरनेटची देणगी वाटते. खरं तर हा रोग जुना आहे आणि त्याच्या इतिहासात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो: मोडलेल्या बोलीचं नुकसान सोसतो कोण?

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलतीच हर्राशीवर चढल्या. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने 1819 साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात हे सविस्तर आलं आहे. पूर्वी मामलतदारी अनुभवी आणि भरवशाच्या माणसाला मिळे. बाजीरावाने ती आपल्या भोवतीच्या मंडळींत लिलावाला काढली. चढी बोली लावायला उत्तेजन मिळे आणि जो कचरे त्याच्यावर कधीकधी खप्पामर्जी होई. जिंकणारा आपला मक्ता पोटमक्तेदारांना देई, ते आणखी खालच्यांना, असं करत बोजा गावच्या पाटलापर्यंत येई. पाटलाने नकार दिला तर गाव दुसऱ्याच्या हाती जाई.

आपला बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तिथे राजा चंदुलाल यांच्या कारभारात, 1808 ते 1843 या काळात, तालुके मक्त्याने देण्याची हीच रीत चालू होती. इथे बोली मोडण्याची दुसरी बाजू दिसते. मुदत संपण्याआधी कोणी जास्त रक्कम देऊ केली, तर सरकारच आधीच्या मक्तेदाराला बाजूला सारत असे. ज्याला उद्याची खात्री नाही, तो आजच रयतेकडून निघेल तेवढं काढून घेणार. सालारजंग पहिले 1853 साली दिवाण झाले. त्यांनी ही पद्धत हळूहळू मोडून काढली आणि 1865 च्या जिलाबंदीने पगारी अधिकाऱ्यांचा कारभार घडी धरू लागला. शब्द वरचे लोक देत आणि मोडत, त्याची किंमत मात्र ज्याने कधी बोली लावलीच नव्हती तो कुणबी भरत असे. चंदुलालांच्या काळाचा एवढा धडा पुरेसा आहे.

कापसाच्या बाजारात हाच प्रश्न वेगळ्या रूपात होता. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत. शेतकरी शेजारी उभा असूनही आकडा त्याला कळत नसे. अशा सौद्यात मागे सरकणं फार सोपं. गाडी रिकामी झाली की काट्यावर कुरबुर सुरू: माल ओला आहे, कवडी जास्त आहे, एवढा भाव परवडत नाही. संध्याकाळ झालेली, बैल थकलेले, उतरवलेला कापूस परत भरून न्यायचा कुठे? ठरलेल्या भावाला साक्षीदारच नसल्याने भांडायलाही जागा नाही.

यावरचा उपाय हळूहळू आकाराला आला. वऱ्हाडात कारंजा इथे 1886 साली कापसाचा नियंत्रित बाजार उभा राहिला आणि 1897 साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. हैदराबाद संस्थानाने 1930 साली शेतमाल बाजाराचा कायदा केला. महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा 1963 चा. या सगळ्या प्रवासात दोन गोष्टी पक्क्या होत गेल्या. भाव रुमालाखालून बाहेर येऊन चारचौघांत पुकारला जाऊ लागला. आणि बोली लावणाऱ्याने माल नीट पाहूनच बोली लावली असं धरलं जाईल, मागाहून त्याला माघार घेता येणार नाही, असा नियम आला. साक्षीदार मिळाला, तशी बोलीला किंमत आली.

न्यायालयांनी यापुढची पायरी गाठली. 1930 च्या वस्तुविक्री कायद्याप्रमाणे हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते, त्यानंतर नाही. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत स्थावर मालमत्तेच्या लिलावाचा क्रम घालून दिला आहे. जिंकणाऱ्याने चौथा हिस्सा जागच्या जागी भरायचा, उरलेली रक्कम पंधराव्या दिवसापर्यंत. नाही भरली तर अनामत जप्त होऊ शकते आणि मालमत्तेचा फेरलिलाव होतो. त्यात कमी किंमत आली, तर तूट पहिल्या बोलीदाराकडून वसूल करता येते. नुकसान रयतेच्या किंवा गरजू विक्रेत्याच्या माथी न मारता बोली मोडणाऱ्याकडूनच भरून घ्यायचं, हे इथे कागदावर आलं.

इस्लामी परंपरेतही या प्रश्नाचा खल फार पूर्वी झाला आहे. हदीससंग्रहांत एक प्रसंग येतो. एक गरजू अन्सारी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे मदत मागायला आला. घरात काय आहे, असं त्यांनी विचारलं. एक जाडंभरडं वस्त्र आणि एक वाडगा, एवढंच. प्रेषितांनी ते मागवून स्वतः त्यांचा लिलाव केला. एकाने एक दिरहम देऊ केला, दुसऱ्याने दोन, आणि वस्तू त्याला मिळाल्या. एका दिरहमाचं घरच्यांना अन्न, दुसऱ्याची कुऱ्हाड. त्याला लाकूड तोडून विकायला पाठवलं. जिंकणाऱ्याने ते दोन दिरहम दिले नसते, तर एका घराची चूल पेटली नसती. लिलावाला वस्तू काढणारा बहुधा गरजेपोटी काढतो, हे या प्रसंगातून लख्ख दिसतं.

मग खरेदीदाराने दिलेला विसार, अरबीत ‘अरबून’, त्याने माघार घेतल्यावर ठेवून घ्यावा का? बहुतेक फकीहांनी नाही म्हटलं. मोबदला न देता दुसऱ्याचा पैसा खाणं त्यांना मान्य नव्हतं. इमाम अहमद बिन हंबल यांनी मुभा दिली. त्यांच्या मागे हजरत उमर (र.) यांच्या काळातला दाखला होता: मक्केत तुरुंगासाठी सफवान बिन उमैया यांचं घर घेताना, खलिफांना सौदा पसंत पडला नाही तर सफवान यांना ठरावीक रक्कम मिळेल, असं ठरलं होतं. 1993 साली ब्रुनेईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या अधिवेशनाने मुदत ठरलेली असेल तर अरबून ग्राह्य धरला. लिलावात सगळ्यांकडून अनामत घेता येईल, पण हरणाऱ्यांची परत करावी आणि जिंकणाऱ्याची किमतीत धरावी, असंही तिथेच ठरलं.

हा वाद जुन्या किताबांपुरता नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर सेंट्रल बँकेचा खटला होता. बोली 12.27 कोटींची, चौथा हिस्सा भरलेला, बाकी रक्कम वेळेत आली नाही. फेरलिलावात बँकेला 14.76 कोटी मिळाले. तरीही अनामत जप्त करणं न्यायालयाने योग्य ठरवलं. खोट्या बोलीदारांना वचक नसेल तर लिलावाचा खेळखंडोबा होईल, हे कारण पटण्यासारखं आहे. पण ज्याचं नुकसान झालं नाही त्याने ठेवून घेतलेला पैसा कोणत्या हक्काचा, ही जुन्या फकीहांची शंकाही माझ्या मनातून जात नाही.

इंटरनेटवरच्या लिलावांत हे सगळे उपाय सुरुवातीला गळून पडले होते. ईबे 1995 साली निघाली, तेव्हा बोली म्हणजे फक्त एक बटण. पुढच्याच वर्षी तिने एकमेकांबद्दल शेरे लिहिण्याची सोय केली. चारचौघांचा साक्षीदार असा परत आला. 2008 पासून मात्र विक्रेत्याला खरेदीदाराविषयी वाईट शेरा देता येईना आणि साक्ष एकतर्फी झाली. आज बँकांच्या ऑनलाइन लिलावांत बोलीआधीच अनामत घेतात. छोट्या विक्रेत्याच्या पाठीशी तेवढं बळ नसतं.

जुनं नाणं असो की घरची शेळी, ऑनलाइन विकणाऱ्याने इतिहासातून एवढं घ्यावं. बोलीआधी थोडा विसार घ्या. पैसे भरायची मुदत आणि माघारीची कपात आधीच सगळ्यांना लिहून कळवा. हरणाऱ्यांचा विसार त्याच दिवशी परत करा. जिंकणारा फिरला तर दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराला त्याच्याच बोलीवर विचारा. आणि कापायचं ते खऱ्या नुकसानीएवढंच.

आपल्या जिल्ह्यात उचल घेऊन ऊसतोडीला जाऊ न शकलेल्या मजुराचा शब्द कोणी माफ करत नाही. मुकादम दारात येतो. गरिबाच्या शब्दाला आपण इतका भाव लावतो. मग बटण दाबून कोट्यवधींची बोली लावणाऱ्याचा शब्द त्याहून स्वस्त का असावा?