चंबा : कोरलेला शब्द आणि गायिलेला शब्द

हिमाचल प्रदेशातील चंबा हे रावीच्या उजव्या तीरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० मीटर उंचीवर वसलेले नगर. ब्रह्मपूर, म्हणजे आजचे भरमौर, येथील राजधानी साहिल वर्मन या राजाने दहाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे आणली. त्याची कन्या चंपावती हिच्यावरून नगराला नाव मिळाले, अशी परंपरा आहे. लक्ष्मीनारायणाची शिखरमंदिरे, राजा उमेदसिंहाच्या (१७४८-१७६४) काळातील अखंड चंडी राजवाडा आणि रंगमहाल, टेकडीवरील चामुंडेचे काष्ठमंदिर या वास्तूंतून राजसत्तेचा इतिहास सलगपणे वाचता येतो. परंतु नगराची सर्वांत जिवंत स्मृती यांपैकी कोणत्याही वास्तूत नाही. ती शाह मदार टेकडीच्या चढावरील एका लहानशा देवळात आहे.

हे देऊळ सूही मातेचे. लोककथा अशी : नव्या राजधानीसाठी खोदलेल्या पाटात काही केल्या पाणी येईना. राजघराण्यातील बळी दिल्यावाचून जलदेवता प्रसन्न होणार नाही, असे कळले, तेव्हा राणीने स्वतःला जिवंत पुरून घेतले आणि पाणी वाहू लागले. कथा तिला सुनयना म्हणते. दरवर्षी चैत्रात तिची जत्रा भरते. ती परंपरेने स्त्रियांची आणि मुलांची. राणीची गीते गाण्याचा मान गद्दी स्त्रियांचा.

या बलिदानाचा समकालीन कोरीव पुरावा उपलब्ध नाही. मात्र साहिल वर्मनचा पुत्र युगाकर वर्मन याच्या ताम्रपटात त्याच्या मातेचे नाव नेन्नादेवी असे आले आहे. नेन्ना आणि सुनयना या नामांतील ध्वनिसाम्य लक्षणीय असून कथेतील राणी तीच असणे संभवते. मात्र ताम्रपटात नेन्नादेवी केवळ राजमाता म्हणून येते. तिचे मरण तेथे नाही. मरणाची नोंद गीतांनी ठेवली.

कोरीव लेखांना स्त्रीजीवनाचे वावडे होते, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. चंब्यानजीकच्या सराहन येथील शारदा लिपीतील प्रशस्तीत सात्यकी या सामंताने आपली पत्नी सोमप्रभा हिच्या सौंदर्याचे संस्कृत श्लोकांत वर्णन करविले आहे. देवी-री-कोठी येथील बाराव्या शतकातील पाणवठ्याच्या शिलालेखाचा विषय तर याहून निराळा. तो पाणवठा राणा नागपालाच्या मातेने, बल्हेने, बांधविला. पतीच्या निधनानंतर ती सती जाऊ इच्छीत होती. पुत्रांनी तिला परावृत्त केले आणि पुढे तिने व्रतस्थ आयुष्य घालविले. एका ठिकाणी स्त्रीच्या मरणातून पाणी येते, तर दुसऱ्या ठिकाणी मरणापासून परतलेल्या स्त्रीच्या नावे पाणी वाहते. दोन्ही कथांची भूमी एकच आहे. भिन्न आहेत ती माध्यमे आणि स्मरण करणारे समाज.

या लेखांचे संपादन जे. फ. फोगेल यांनी १९११ साली प्रसिद्ध केले. तत्पूर्वी १९०८ मध्ये राजा भूरीसिंह यांच्या नावाने वस्तुसंग्रहालय स्थापन झाले होते. अशा रीतीने कोरलेला शब्द सुरक्षित झाला. वास्तूंना मात्र स्थानांतर भोगावे लागले : रंगमहालातील भित्तिचित्रे दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेली, अखंड चंडी राजवाड्यात महाविद्यालय आले. भिंतीवरून उतरविलेले चित्र टिकते, पण त्याचा परिसर सुटतो. गीताचे तसे नाही. ते गाणाऱ्या स्त्रिया दरवर्षी तीच टेकडी चढतात, तेव्हाच त्याचा अर्थ पुरा होतो.

ही चढण सुकर करणाऱ्या पायऱ्या राजा जीतसिंहाच्या (१७९४-१८०८) राणीने, शारदा हिने, बांधविल्या. राजवाड्यातील एका स्त्रीने लोकस्मृतीतील दुसऱ्या स्त्रीला दिलेली ही दगडी साक्ष होय. तिच्यात अक्षर नाही, तरीही ती लेखच आहे.

पाण्यासाठी घरच्या स्त्रीचा बळी हे कथाबीज चंब्यापुरते नाही. ‘केरेगे हार’ या कन्नड कथागीतातील भागीरथी ही गावाच्या तळ्यासाठी बळी जाणारी धाकटी सून. तेथे राजघराणे नाही, की नामसाम्य दाखविणारा ताम्रपटही नाही. तुलनाकाराने केवळ कथाबीजाचे साम्य नोंदवून थांबू नये. बलिदान स्वेच्छेचे की लादलेले, हे कोण सांगतो आणि कोणासमोर सांगतो, हा खरा प्रश्न आहे. चंब्यात राणी स्वेच्छेने गेली असे कथा म्हणते. परंतु तिच्यासाठी वर्षानुवर्षे चाललेला स्त्रियांचा शोक त्या स्वेच्छेविषयी काही वेगळेच सुचवितो.

टेकडीवरून पाहता खाली पाटीच्या दगडांची छपरे, देवळांची शिखरे आणि रावीचे वळण एका दृष्टिक्षेपात येते. राजाने वसविलेले नगर ते हेच. त्याची किंमत कोणी मोजली, हे मात्र त्या पायऱ्यांवरूनच दिसते.