ब्लू रिज पार्कवे: सावकाश प्रवासाचा रस्ता

अमेरिकेत व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांतून डोंगरमाथ्याने जाणारा ७५५ किलोमीटरचा ब्लू रिज पार्कवे हा मुळातच उद्यान म्हणून आखलेला रस्ता आहे. शेनांडोआ आणि ग्रेट स्मोकी माउंटन्स ही राष्ट्रीय उद्याने त्याने जोडली. इथे मालट्रकना बंदी आहे, जाहिरातफलक नाहीत आणि वेगमर्यादा ताशी ७२ किलोमीटर. एकट्याने गाडी घेऊन निघालेल्या माणसाला याहून निवांत वाट क्वचितच मिळेल.

महामंदीत बेकारांना काम देण्यासाठी ११ सप्टेंबर १९३५ रोजी बांधकाम सुरू झाले. शेजारच्या टेनेसी राज्यालाही हा रस्ता हवा होता, पण अमेरिकेच्या अंतर्गत (इंटिरिअर) खात्याचे मंत्री हॅरल्ड इक्स यांनी १९३४ मध्येच नॉर्थ कॅरोलायनाच्या बाजूने कौल दिला होता. १९३६ पासून पार्कवे राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे. भूदृश्यरचनाकार स्टॅन्ली अ‍ॅबट यांनी ठरावीक अंतरांवर डोटन पार्क, रॉकी नॉब, पीक्स ऑफ ऑटर अशी थांब्याची उद्याने योजली, दरीकडे तोंड करून गाडी उभी करण्याच्या जागा आखल्या.

ही शांतता मात्र आपोआप आलेली नाही. रस्त्यासाठी डोंगरातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि मालवाहतुकीला मनाई असल्याने शेतमाल बाजारात न्यायलाही तो त्यांच्या कामाचा राहिला नाही. सोको खोऱ्यातून जाणाऱ्या आखणीला तिथल्या मूळनिवासी चेरोकी लोकांनी नेटाने विरोध केला. अखेर पार्कवे डोंगरधारेवर नेला गेला आणि खोऱ्यासाठी राज्याने वेगळा, रोजच्या वापराचा रस्ता मान्य केला. मेब्री मिल या पाणचक्कीजवळचे फळ्यांचे राहते घर पाडण्यात आले. पुढे तिथे दुसरीकडची ओंडक्यांची झोपडी आणून उभारली. प्रवाशाला दिसणारा ‘जुना डोंगरी गाव’ असा निवडून मांडलेला आहे, आणि हे ठाऊक असल्याशिवाय तो नीट पाहिला असे म्हणता येत नाही.

शेवटचा तुकडा ग्रँडफादर माउंटनपाशी अडला. जमीनमालक ह्यू मॉर्टन यांना डोंगर खोदलेला नको होता. तोडगा म्हणून लिन कोव्ह हा ३७९ मीटरचा उंच पूल १५३ काँक्रीट खंडांतून जोडला गेला. उतारावरचे खडक आणि झाडी वाचावी म्हणून बहुतेक काम वरूनच, झालेल्या पुलावर उभे राहून करण्यात आले. १९८७ मध्ये हा तुकडा खुला झाला आणि ५२ वर्षांनी पार्कवे पूर्ण झाला.