किल्ला घरचा, चित्रे बाजारची

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला रचण्याची प्रथा महाराष्ट्रात दूरवर पसरलेली असली, तरी साताऱ्यात तिला समोरच उभ्या असलेल्या अस्सल नमुन्याचा धाक आहे. शिवाजी महाराजांनी १६७३ मध्ये घेतलेला अजिंक्यतारा शहराच्या माथ्यावरच असल्याने प्रतिकृतीतला बुरूज चुकला की शेजारीही बोट ठेवतात. सांगलीचा गणेशदुर्ग मात्र भुईकोट, म्हणजे सपाटीवर बांधलेला. तरीही तेथील अंगणांत बहुधा डोंगरी किल्लाच उभा राहतो, कारण खरी मौज चढणीची.

दगड-विटांच्या ढिगावर गोणपाट अंथरून चिखलाचा लेप द्यायचा आणि ओल्या मातीत अळीव पेरून काही दिवसांत हिरवळ उगवून आणायची, हे तंत्र फारसे पालटले नाही. पालटले ते वरून बसवायचे तयार भाग, ज्यांना मुलांच्या बोलीत ‘चित्रे’ म्हणतात: मावळे, तोफा, सिंहासनावरचे महाराज. कुंभाराने घडवलेल्या मातीच्या चित्रांशेजारी साच्यातली प्लास्टर ऑफ पॅरिसची चित्रे आली, पुढे प्लास्टिकचीही, आणि प्रमाणाचा जुना घोळ तसाच राहिला. पहारेकरी दरवाजाहून उंच निघतो. त्यावर मुलांचा तोडगा पाहण्याजोगा आहे: मोठी चित्रे पायथ्याशी, लहान माथ्यावर, म्हणजे अंतराचा भास होतो, आणि चित्राखालची चौकोनी बैठक ओल्या चिखलात दाबून तिच्यावर बोटाने माती ओढली की जोड दिसत नाही. प्रतापगड केल्यास १० नोव्हेंबर १६५९ च्या भेटीचा शामियाना हवाच. तो मात्र घरच्या जुन्या कापडाचा.